रेग्युलेटर नवा, तरी चार्जिंग गायब: डेल्को-रेमी स्टार्टर-जनरेटरचं वायरिंग आणि दोष शोधणं

तक्रार ठरलेली असते. ट्रॅक्टर चालतो, गवत कापून होतं, पण चारपाच वेळा सेल्फ मारला की बॅटरी बसते. अ‍ॅमीटरचा काटा मध्यावरून हलत नाही. मग नवा रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा डबा) येतो, काटा थोडे दिवस चार्जच्या बाजूला झुकतो आणि पुन्हा जैसे थे. त्यानंतर दुसरा रेग्युलेटर येतो आणि त्याचीही तीच गत होते. काहींच्या बाबतीत उलटं होतं: बॅटरी उकळते, पाणी बाहेर उडतं, हेडलाइटचे बल्ब जातात. आणि काही महाभाग असे असतात की त्यांच्या एकाच यंत्रात दोन्ही तक्रारी आलटून पालटून येतात.

इथे बोलतोय ते 1960 च्या दशकातल्या आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीच्या अमेरिकी गार्डन ट्रॅक्टरबद्दल. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या कब कॅडेटची बरीच मॉडेलं, जॉन डिअर 110, काही व्हील हॉर्स. एक सिलिंडरचं कोहलर के-सिरीज इंजिन आणि त्याच्या कुशीत व्ही-बेल्टवर फिरणारा 12 व्होल्टचा डेल्को-रेमी स्टार्टर-जनरेटर. अमेरिकेत घर आणि मागे मोठं अंगण घेतलेल्या मराठी माणसाच्या हाती असं यंत्र जुन्या मालकाकडून स्वस्तात येऊ शकतं. इंजिन साधं आणि टणक असतं. रडवते ती वायरिंग, आणि ती बहुतेकदा आधीच्या तीन मालकांनी आपापल्या बुद्धीने जोडलेली असते.

निकाल आधीच सांगून टाकतो: या दुखण्यात रेग्युलेटर बदनाम जास्त आणि दोषी कमी असतो. दोष बहुतेकदा त्याच्या अर्थिंगमध्ये, फिल्डच्या (यंत्रात चुंबकत्व तयार करणाऱ्या कॉईलच्या) तारेत किंवा फिल्ड कॉईलमध्येच सापडतो. आणि ते तिन्ही तसेच ठेवून नवा रेग्युलेटर लावला की तोही जळतो.

आत काय चालतं

हे एकच यंत्र दोन कामं करतं. सोलेनॉइडमधून, म्हणजे किल्ली फिरवल्यावर जाड केबल जोडणाऱ्या स्विचमधून, बॅटरी मिळाली की मोटर होऊन पट्ट्याने इंजिन फिरवतं. इंजिन सुरू झालं की तोच पट्टा त्याला फिरवतो आणि ते डायनॅमो होतं. बेन्डिक्स (इंजिनाच्या दात्यांत अडकून सुटणारं स्टार्टरचं छोटं चक्र) नाही, दात नाहीत, पट्टा कायम जोडलेला.

ट्रॅक्टरवरच्या डेल्कोला बाहेर दोन टर्मिनल असतात. 'ए' म्हणजे आर्मेचर (आतला फिरणारा भाग), हा बोल्ट जाड. 'एफ' म्हणजे फिल्ड, हा बारीक. तिसरं टोक म्हणजे यंत्राची बॉडी, म्हणजेच अर्थ. फिल्डच्या बारीक वायंडिंगचं एक टोक आत 'ए' च्या बाजूला जोडलेलं असतं आणि दुसरं 'एफ' मधून बाहेर येतं. या दुसऱ्या टोकाला अर्थ मिळाला तरच फिल्डमधून करंट वाहतो. आणि तो अर्थ देतो रेग्युलेटर, आतल्या पॉइंटमधून (उघडझाप करणारे छोटे संपर्क), स्वतःच्या बुडामार्फत.

सगळी गंमत याच वाक्यात आहे. व्होल्टेज कमी असेल तेव्हा रेग्युलेटरचे पॉइंट मिटलेले असतात: 'एफ' थेट अर्थला, फिल्ड पूर्ण जोरात. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेला पोचलं की पॉइंट उघडतात, फिल्डचा करंट बुडाखालच्या रेझिस्टरमधून जायला लागतो आणि फिल्ड मंदावतं. हे उघडझाप इतक्या वेगाने होतं की पॉइंट नुसते थरथरताना दिसतात.

आता समजा रेग्युलेटरचं बूड ट्रॅक्टरच्या पत्र्यावर नीट टेकलेलं नाही. फिल्डला अर्थच नाही, म्हणजे चार्जिंग नाही. शिवाय सेल्फ मारतानाही हेच फिल्ड लागतं, त्यामुळे सेल्फसुद्धा मरगळलेला. चार्जिंग बंद आणि सेल्फ दुबळा या दोन तक्रारी एकदम आल्या की माणूस स्टार्टर-जनरेटर खोलायला घेतो. आधी रेग्युलेटरचा अर्थ बघा.

लुकासवर हात बसलेल्यांनी इथे थांबावं

महाराष्ट्रात जुनी अ‍ॅम्बेसिडर किंवा जुना डायनॅमोवाला ट्रॅक्टर हाताळलेल्या माणसाला लुकास या ब्रिटिश कंपनीचा डायनॅमो पाठ असतो: डायनॅमोवर 'डी' आणि 'एफ', कंट्रोल बॉक्सवर 'ए' म्हणजे बॅटरीची बाजू. इथे दोन गोष्टी उलट आहेत. डेल्कोच्या यंत्रावरचा 'ए' बॅटरीचा नाही, आर्मेचरचा. आणि लुकासमध्ये फिल्डचं एक टोक आतच बॉडीला अर्थ असतं, रेग्युलेटर त्याला 'डी' कडून पॉझिटिव्ह पुरवतो. डेल्कोत रेग्युलेटर अर्थ पुरवतो.

म्हणून लुकासची नेहमीची चाचणी, म्हणजे 'डी' आणि 'एफ' एकत्र जोडून व्होल्टेज बघायचं, ती इथे चालत नाही. 'ए' आणि 'एफ' जोडले तर फिल्डची दोन्ही टोकं एकाच जागी येतात, करंट शून्य, आणि चांगलं यंत्र मेलेलं वाटतं. त्याहून वाईट म्हणजे लुकासच्या सवयीने पोलॅरिटी (यंत्रात उरणाऱ्या चुंबकत्वाची दिशा) द्यायला बॅटरीची पॉझिटिव्ह तार 'एफ' ला टेकवणं. रेग्युलेटर जोडलेला असेल तर त्याच्या मिटलेल्या पॉइंटमधून बॅटरी सरळ अर्थला जाते आणि एका ठिणगीत पॉइंट चिकटतात. नव्या रेग्युलेटरचा पहिल्याच दिवशी बळी जातो तो असा.

याच कारणाने बाजारात 12 व्होल्टचा मिळेल तो रेग्युलेटर लावून भागत नाही. तो फिल्ड अर्थ करणाऱ्या जातीचाच हवा, निगेटिव्ह अर्थचाच हवा आणि त्याची करंटची मर्यादा यंत्राशी जुळणारी हवी. ही यंत्रं साधारण 10 ते 15 अँपिअरची असतात. पॉझिटिव्ह अर्थसाठी बनवलेला रेग्युलेटर लावला तर काम चालू झाल्यासारखं दिसतं, पण पॉइंटचे धातू त्या दिशेच्या करंटसाठी नसतात. एका पॉइंटवर टेंगूळ आणि दुसऱ्यावर खड्डा लवकरच तयार होतो.

तार कुठून कुठे

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. आधी निगेटिव्ह काढायची, लावताना शेवटी लावायची. पॉझिटिव्हच्या नटावर पान्हा असताना तो पत्र्याला टेकला तर काय होतं ते एकदा पाहिलेला माणूस हे विसरत नाही.

जाड केबल: बॅटरी पॉझिटिव्हपासून सोलेनॉइडच्या एका मोठ्या बोल्टला, दुसऱ्या मोठ्या बोल्टपासून स्टार्टर-जनरेटरच्या 'ए' ला. 16 चौरस मिलिमीटर तांबं किंवा त्याहून जाड घ्या. बॅटरी निगेटिव्हपासून फ्रेमला तेवढीच जाड, आणि शक्य असेल तर इंजिनाच्या ब्लॉकला वेगळी. बारीक केबलवर सेल्फ फिरतो, पण पट्ट्यावर जोर लागत नाही.

रेग्युलेटरवर 'बॅट', 'जेन' आणि 'एफ' ही तीन टर्मिनलं असतात, काहींवर चौथं 'एल'.

'जेन' पासून तार स्टार्टर-जनरेटरच्या 'ए' ला. ती सोलेनॉइडच्या आउटपुट बोल्टवर आणून जोडली तरी चालतं, कारण विजेच्या हिशेबाने ती एकच जागा आहे. सोलेनॉइडचा कुठला बोल्ट आउटपुटचा, हे मात्र मीटरने बघा. सेल्फ न मारता ज्या बोल्टवर 12 व्होल्ट दिसतात तो बॅटरीचा, तिथे 'जेन' ची तार जाऊ नये. जाडी 4 चौरस मिलिमीटर.

'बॅट' पासून तार अ‍ॅमीटरमार्फत बॅटरीकडे, म्हणजे सोलेनॉइडच्या बॅटरीवाल्या बोल्टला. हीही 4 चौरस मिलिमीटर. बॅटरीच्या टोकाजवळ 20 अँपिअरचा फ्यूज टाका. मूळ वायरिंगमध्ये तो बहुधा नसतो, पण साठ वर्षांच्या इन्सुलेशनवर विश्वास टाकायचं कारण नाही.

'एफ' पासून 'एफ' ला, 2.5 चौरस मिलिमीटर. करंट जेमतेम दीडदोन अँपिअर असतो, त्यामुळे जाडीपेक्षा तिचं इन्सुलेशन महत्त्वाचं.

'एल' असेल तर त्यावर लोड येतो, म्हणजे इग्निशन स्विच आणि लाइट. त्यावर बॅटरी जोडायची नाही.

आणि पाचवी तार, जी नकाशात बहुधा दाखवलेली नसते: रेग्युलेटरच्या बुडाच्या स्क्रूपासून स्टार्टर-जनरेटरच्या बॉडीच्या बोल्टपर्यंत वेगळी अर्थ वायर, 4 चौरस मिलिमीटर. ती नक्की टाका. सगळ्या कामात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू हीच.

तारा चुकल्या तर काय होतं, तेही समजून घ्या, म्हणजे जळका वास आल्यावर कारण शोधायला वेळ लागणार नाही.

'बॅट' आणि 'जेन' ची अदलाबदल झाली तर रेग्युलेटरमधल्या कटआऊटच्या (डायनॅमोला बॅटरीशी आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) कॉईलला बॅटरी कायमची मिळते. कॉईलला वाटतं डायनॅमो चार्ज करतोय, कटआऊट मिटतो आणि बॅटरी बारीक तारेतून थेट आर्मेचरला जोडली जाते. बॅटरीची केबल टेकवताच मोठी ठिणगी पडते, स्टार्टर-जनरेटर किल्लीशिवाय घुरघुरायला लागतो, तार धूर सोडते. केबल टेकवताना नट न आवळता नुसतं हलकं टेकवून बघायचं ते यासाठीच. ठिणगी पडली तर जोडायचंच नाही.

रेग्युलेटरवर 'जेन' आणि 'एफ' बदलले गेले तर सेल्फ मारताक्षणी सोलेनॉइडमधली वीज 'ए' च्या तारेतून रेग्युलेटरच्या फिल्ड पॉइंटवर येते आणि तिथून अर्थला. ते पॉइंट दीडदोन अँपिअरसाठी केलेले असतात.

अर्थ: इथे वेळ घालवा

रेग्युलेटर बहुधा पत्र्यावर दोन स्क्रूंनी बसवलेला असतो, काहींमध्ये खाली रबर असतं आणि बुडाला एक छोटी वेणीदार पट्टी. ही पट्टी तुटलेली किंवा हिरवी पडलेली सापडते. रबर नसेल तर दुसरा घोळ असतो: कोणीतरी हौसेने सगळा पत्रा रंगवलेला, नवा रेग्युलेटर त्या रंगावर बसवलेला आणि स्क्रूचे आटेही रंगलेले. पहिले काही दिवस स्क्रूच्या एखाद्या आट्याने रंग ओरखडून अर्थ मिळतो. एक सिलिंडरच्या इंजिनाचे धक्के बसून तो सैल होतो आणि चार्जिंग जातं. नवा रेग्युलेटर बसवताना स्क्रू पुन्हा आवळला जातो, म्हणून चार्जिंग परत येतं. श्रेय जातं नव्या रेग्युलेटरला. 'काही दिवस चालला आणि गेला' या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा एवढंच असतं.

स्क्रूच्या भोवती रुपयाएवढा भाग घासून उघडं लोखंड दिसू द्या, दातेरी वॉशर टाका, आवळा, मग वरून थोडं ग्रीस लावा. आधी ग्रीस नाही.

तपासायचं असं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. काळी तार बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, केबलच्या लगवर नाही, थेट शिशाच्या पोलवर. लाल तार रेग्युलेटरच्या बुडाच्या उघड्या धातूवर. इंजिन अर्ध्याहून जास्त थ्रॉटलवर चालू. आकडा 0.1 व्होल्टच्या आत हवा. 0.2 पर्यंत चालवून घ्या. अर्धा व्होल्ट दिसला तर रेग्युलेटरला हात लावायची गरज नाही, अर्थ दुरुस्त करा. तीच चाचणी स्टार्टर-जनरेटरच्या बॉडीवर करा: त्याचा ब्रॅकेट, ताण धरणारी पट्टी, सगळं रंगलेलं असतं.

अर्थ पूर्ण तुटला तर चार्जिंग बंद, हे उघड आहे. पण अर्थ अर्धवट असेल तर ओव्हरचार्ज होतं, आणि हे अनेकांना पटत नाही. रेग्युलेटरची व्होल्टेज मोजणारी कॉईल 'जेन' आणि बूड यांच्यामध्ये असते. फिल्डचा अँपिअरभर करंट एका ओमच्या खराब जोडातून गेला की बूड खऱ्या अर्थपेक्षा एक व्होल्ट वर उचललं जातं. कॉईलला एक व्होल्ट कमी दिसतं. ती 14 व्होल्ट समजून पॉइंट उघडते तेव्हा बॅटरीवर प्रत्यक्षात 15 असतात. आलटून पालटून दोन्ही तक्रारी देणाऱ्या यंत्राचं कोडं इथे सुटतं.

क्रमाने तपासणी

अर्थ सुधारूनही चार्जिंग नसेल तर पुढे जा. आधी बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरा. काही तास विश्रांतीनंतर 12.6 व्होल्टच्या आसपास हवी. अर्धमेल्या बॅटरीवर घेतलेले सगळे आकडे फसवे असतात.

पट्टा बघा. दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर साधारण 12 मिलिमीटर दबायला हवा. आतली बाजू काचेसारखी चकाकत असेल तर तो घसरतोय, ताण वाढवून उपयोग नाही, बदला. सेल्फला पुली फिरते आणि इंजिन अडखळतं, किंवा किंचाळल्यासारखा आवाज येतो, ते दुखणं पट्ट्याचंच. पण ताण जास्त दिला तर बेअरिंग खातं.

आता इंजिन सुरू करा, थ्रॉटल वर घ्या. या यंत्रात आयडलवर चार्जिंग बघायचं नसतं. बॅटरीच्या पोलांवर मीटर लावा. चढत चढत 13.8 ते 14.5 च्या दरम्यान स्थिरावलं तर सगळं ठीक. 12.4 वर पडून राहिलं तर पुढची चाचणी.

'एफ' ची तार स्टार्टर-जनरेटरवरून काढा आणि टोक कशाला टेकणार नाही असं ठेवा. 'ए' आणि बॉडी यांच्यात मीटर लावा. इंजिन वेगात असताना एकदोन व्होल्ट तरी दिसायला हवेत, ही उरलेल्या चुंबकत्वाची वीज. मग एका छोट्या जम्परने, म्हणजे तारेच्या तुकड्याने, 'एफ' टर्मिनल बॉडीला टेकवा, फक्त दोनतीन सेकंद, थ्रॉटल मध्यम, नजर मीटरवर. हे लगाम सोडलेलं फिल्ड आहे, वेगाबरोबर व्होल्टेज वाढतच जाईल. 15 च्या वर गेलं की जम्पर काढा.

व्होल्टेज झपकन चढलं आणि अ‍ॅमीटर चार्जकडे गेला तर स्टार्टर-जनरेटर चांगला आहे. दोष 'एफ' च्या तारेत, रेग्युलेटरच्या अर्थमध्ये किंवा रेग्युलेटरमध्ये. तार परत जोडा आणि हाच जम्पर रेग्युलेटरच्या 'एफ' वरून अर्थला लावून बघा. तिथेही चढलं तर तार चांगली. मग रेग्युलेटरचं बूड जम्परने थेट इंजिन ब्लॉकला जोडून पाहा. त्याने चार्जिंग आलं तर तुमचा अर्थ अजून सुधारलेला नाही. त्यानेही आलं नाही, तर मात्र रेग्युलेटर खरंच दोषी.

'ए' वर व्होल्टेज चढतं पण अ‍ॅमीटर हलत नाही, तर कटआऊट मिटत नाहीये किंवा 'बॅट' ची तार तुटलीय. कटआऊट साधारण 12 ते 13 व्होल्टच्या दरम्यान 'टक्' करून मिटायला हवा.

'ए' वर व्होल्टेज चढलंच नाही तर स्टार्टर-जनरेटर खोलायची वेळ आली.

उलट तक्रारीसाठी, म्हणजे ओव्हरचार्जसाठी, चाचणी अजून सोपी. इंजिन चालू असताना रेग्युलेटरवरून 'एफ' ची तार सोडा. चार्जिंग लगेच पडायला हवं. पडलं नाही तर रेग्युलेटर निर्दोष आहे: 'एफ' ची तार वाटेत कुठेतरी घासून पत्र्याला लागलीय किंवा यंत्राच्या आत फिल्डला अर्थ मिळतोय. इंजिनाच्या शीट मेटलच्या कडेवरून तार वळते ती जागा आधी बघा, तिथे इन्सुलेशन हमखास कापलेलं असतं.

रेग्युलेटर खाणारं यंत्र

अर्थ उत्तम, तारा उत्तम, तरी पॉइंट पुन्हा पुन्हा जळतात? मग फिल्ड कॉईल मोजा. बॅटरी सोडा, 'ए' आणि 'एफ' वरच्या सगळ्या तारा काढा, ओहमीटर 'ए' आणि 'एफ' यांच्यात लावा. निरोगी कॉईल साधारण 5 ते 10 ओमच्या पट्ट्यात येते. तीनच्या खाली आली तर कॉईलचे काही वेढे एकमेकांना लागलेत. अशी कॉईल चार्जिंग करतेच, कधीकधी जोरातही करते, पण तिचा जादा करंट रेग्युलेटरच्या पॉइंटमधून जातो आणि ते दर वेळी जळतात. अनंत आला तर वायंडिंग तुटलं. गरम झाल्यावरच शॉर्ट होणाऱ्या कॉईलीही असतात, म्हणून थंड आणि अर्धा तास चालवल्यावर अशी दोनदा मोजणी करा.

कॉईलला बॉडीशी अर्थ लागलाय का हे बघताना कार्बन ब्रश उचललेले हवेत. एक ब्रश बॉडीलाच जोडलेला असतो, त्यामुळे ब्रश खाली असताना 'एफ' ते बॉडी मोजलं की आर्मेचरमधून वाट मिळते आणि शॉर्ट नसताना शॉर्ट दिसतो.

अजून एक चोर: कोणीतरी रेडिओची खरखर जाण्यासाठी म्हणून किंवा नुसतंच 'असावं' म्हणून 'एफ' टर्मिनलवर कंडेन्सर लावलेला असतो. काढून टाका. कंडेन्सर 'एफ' वर कधीच लावायचा नाही, तो पॉइंट जाळतो. लावायचाच तर 'जेन' किंवा 'बॅट' वर.

खोलल्यावर

लांब बोल्ट काढण्याआधी दोन्ही झाकणं आणि बॉडी यांवर खिळ्याने खूण करा. कार्बन ब्रश मूळ लांबीच्या निम्म्यावर आले असतील तर बदला, ते होल्डरमध्ये बोटाने सहज सरकले पाहिजेत. कॉम्युटेटर (आर्मेचरवरचं, ब्रश ज्यावर घासतात ते तांब्याच्या पट्ट्यांचं कडं) तपकिरी आणि गुळगुळीत असला तर त्याला हात लावू नका, ती चांगली खूण आहे. काळा, चरे पडलेला असेल तर बारीक काचकागदाने फिरवत पुसा. एमरी कागद नको: त्याची धूळ तांब्याच्या पट्ट्यांमध्ये रुतते आणि ब्रश खाते. खोल खाच पडली असेल तर लेथवर हलकी कात मारून पट्ट्यांमधला अभ्रक साधारण 0.8 मिलिमीटर खाली कोरून घ्या.

बॉडीच्या आतल्या बाजूला, कॉम्युटेटरच्या रेषेत, चंदेरी ठिपक्यांचं कडं दिसलं तर समजून घ्या. ते सोल्डर आहे, आर्मेचर इतकं तापलं की जोड वितळून फिरण्याच्या जोराने बाहेर फेकले गेले. आर्मेचर रिवाइंडिंगवाल्याकडे द्यावं लागेल. कारण शोधल्याशिवाय परत बसवू नका: चिकटलेला कटआऊट, अर्थ झालेली 'एफ' ची तार, किंवा कार्ब्युरेटर बिघडलेल्या इंजिनावर मिनिटमिनिट मारलेला सेल्फ. एका दमात दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नये, मध्ये यंत्र निवू द्यावं.

टेबलावर तपासताना पुली सोडून बॉडी शिकंज्यात घट्ट धरा, बॅटरी निगेटिव्ह बॉडीला, 'एफ' बॉडीला जम्पर, आणि पॉझिटिव्ह 'ए' ला. सणसणून फिरलं पाहिजे. 'एफ' चा जम्पर विसरला तर ते जोर धरत नाही, आणि चांगलं यंत्र भंगारात जातं.

जुन्या बाजारातून दुसरं स्टार्टर-जनरेटर आणत असाल तर फिरण्याची दिशा बघून घ्या. दोन्ही दिशांची बनलेली आहेत. बॅटरी उलटी जोडून दिशा बदलत नाही, कारण फिल्ड आणि आर्मेचर दोन्ही एकदम उलटतात. त्यासाठी आत फिल्डची टोकं बदलावी लागतात. गोल्फ कार्टवरून काढलेल्या यंत्रावर दोनऐवजी जास्त टर्मिनलं असतात, त्याला इथली जोडणी लावू नका.

पोलॅरिटी आणि सेटिंग

साध्या डायनॅमोला रेग्युलेटर बदलल्यावर पोलॅरिटी द्यावी लागते. स्टार्टर-जनरेटरला ती दर सेल्फला आपोआप मिळते. तरी मनाच्या शांतीसाठी द्यायचीच असेल तर इंजिन बंद असताना, सगळं जोडल्यावर, रेग्युलेटरच्या 'बॅट' आणि 'जेन' वर तारेचा तुकडा क्षणभर टेकवा. यंत्र किंचित हलेल, पट्टा ओढला जाईल, बोटं लांब ठेवा. 'एफ' ला काहीही टेकवायचं नाही.

रेग्युलेटर चार्ज करतोय पण 13.2 वर अडतो किंवा 15 वर जातो, अर्थ पक्का आहे, तेव्हाच व्होल्टेजच्या कॉईलच्या स्प्रिंगचा स्क्रू फिरवा. झाकण लावून पंधरा मिनिटं चालवा, गरम झाल्यावर वाचा. झाकण काढल्यावर आकडा बदलतो, त्यामुळे उघड्यावर केलेलं सेटिंग खोटं ठरतं. स्क्रू एका वेळी पाव वेढ्याहून कमी फिरवा, झाकण लावा, पुन्हा वाचा. पॉइंट साफ करायला बारीक चपटी कानस, मग कोरा कागद ओढून भुकटी काढा. कटआऊटच्या पात्याला बोटाने दाबून 'चालतो का' बघायचा मोह आवरा. बॅटरी जोडलेली असताना तो हाताने मिटवला की पूर्ण करंट आर्मेचरकडे जातो आणि पॉइंट चिकटले तर केबल उपटेपर्यंत सुटत नाहीत.

इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर घ्यावा का?

फिल्ड अर्थ करणाऱ्या जातीचा सॉलिड-स्टेट रेग्युलेटर मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही. पॉइंट नाहीत, सेटिंग नाही. पण तो चुकीला माफ करत नाही. उलटी बॅटरी, इंजिन चालू असताना काढलेली बॅटरी केबल, शॉर्ट झालेली फिल्ड कॉईल यांतलं काहीही त्याला क्षणात मारतं, आणि कानस लावून तो परत जिवंत होत नाही. म्हणून आधी फिल्ड मोजा, अर्थ मोजा, मग डबा उघडा. त्यालाही बुडाचा अर्थ तेवढाच लागतो. त्याची काळी तार रंगावर बसवली तर तोही काही दिवस चालेल आणि जाईल.